वाटून घेतलेल्या गोळ्या

परळ, मंगळवार

प्रिय रखमा,

गाठ होती तेवढीच आहे, जेवण जातं. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितोय.

इथे हॉस्पिटलात नव्या औषधाची जी चाचणी चाललीय, तिच्यात नेहमीचं औषध सगळ्यांनाच देतात. शिवाय निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी. कोणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरलाही ठाऊक नसतं. आपल्या देवळातल्या कौलासारखंच, फक्त गाऱ्हाणं ऐकायला कोणी नाही.

धर्मशाळेतला शेजारी रघुवीरही माझ्यासारखा त्या चाचणीतच होता. आम्ही गोळ्या प्रसादासारख्या अर्ध्या-अर्ध्या वाटून खाल्ल्या. एकाची तरी खरी असेल, म्हटलं. काल त्या शहाण्याने नर्सबाईंना कौतुकाने सांगितलं. दोघांनाही काढलं.

खरी कोणाची होती, विचारलं. म्हणाले, सगळं संपल्यावर, दोन वर्षांनी पत्राने कळवू.

पत्रावर नाव तुझं घालायला सांगितलंय.

तुझाच,
लवू