अर्ध्या रोमन मोहरेची व्यवस्था

लिहून ठेवणार रंगनाथ कानिफनाथ दहिवाळ, वय वर्षे शहाहत्तर, धंदा सोनारकाम व जुनी नाणी पारखणे, राहणार बेलापूर. शरीर थकले आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी भरीला घातलेले नाही. घालायला येते कोण?

कलम १. राहते घर व दुकान पत्नी रंगुबाई हिच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील, तिच्यामागे मुलगी अश्विनीचे होईल. बँकेतली ठेव रंगुबाईची. भाचरांच्या लग्नांत तिने ती उधळू नये. उधळेलच, मला ठाऊक आहे.

कलम २. भिंग, काटा आणि वजने अश्विनीला. सोबत एवढे ध्यानात ठेवावे. रोमन नाणे हातात आले की आधी कड बघावी, मग राजाचे नाक-कान, मग भोवतालची अक्षरे. अंगावर बारीक बुडबुडे दिसले तर ओतीव नक्कल समजावी. चांदी काळी पडली असेल तर काळीच राहू द्यावी. लोक देव्हाऱ्यातले नाणे चिंच लावून लख्ख घासून आणतात आणि वर विचारतात, "काका, आता लई भाव यील ना?" दर सणाला घासून राजाला नाक उरलेले नसते. सांगून सांगून माझे तोंड दुखले. अश्विनीला उरक असेल तर तिने सांगावे.

कलम ३. धाकटा भाऊ हनुमंत, राहणार काष्टी, याच्याविषयी. आमची आई बनुबाई हिच्या पुतळ्यांच्या माळेत एक अस्सल रोमन सोन्याची मोहर होती. वर कडी डागलेली, तरी राजाचा चेहरा कालच्यासारखा ताजा. आई गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा माळेतल्या पुतळ्या मोहर धरून विषम निघाल्या. मी म्हणालो, मोहर वजनावर मोजू नको, ती अखंड तुझ्याकडे ठेव आणि साध्या पुतळ्या मला दे, तरी तूच फायद्यात राहशील. तो पंचांसमोर म्हणाला, "म्हंजी सोनं तुला आन् नक्षी मला व्हय? पारखी तू, भाव सांगनार बी तूच. मला न्हाई पटत. काप मधोमध." पंचांनी माना डोलावल्या. कातर माझीच होती.

राजाचे नाक-तोंड त्याच्याकडे गेले, मान माझ्याकडे राहिली. अखंड मोहरेला जाणकाराने सोन्याच्या कैक पट दिले असते. तुकड्यांना नुसता सोन्याचा भाव. पण दुःख मोहरेचे नाही. परके लोक माझ्या शब्दावर घरातले सोने सोडून जात, आणि सख्ख्या भावाला माझा शब्द खोटा वाटला. तेव्हापासून येणे-जाणे बंद आहे. हा राग वागवून मी दमलो, आता तो पोरांच्या पदरात टाकायचा नाही. म्हणून माझा तुकडा हनुमंताला द्यावा. त्याने शिव्या दिल्या तरी द्यावा.

पुरवणी, त्याच दिवशी. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला तरी ठरलेले दुसरे साक्षीदार सुप्याहून आले नाहीत, कारखान्यात त्यांना सुटी मिळाली नाही. अश्विनीने कळवल्यावरून हनुमंत मला बघायला आला होता, तो दाराशीच बसून होता. म्हणाला, "मी करतो सई." वकील म्हणाले, यात तुम्हाला काही मिळणार आहे, तुमची साक्ष घेतली तर उद्या वाद निघेल. हनुमंताने कागद मागून घेतला आणि कलम ३ सावकाश वाचले. मग म्हणाला, "मंग ह्ये खोडा. तुकडा नगं मला. दादाच्या लिवन्याखाली माझी सई पायजे."

त्याप्रमाणे कलम ३ मधले देणे खोडले आहे. तुकडा अश्विनीला जाईल. पुन्हा सगळे लिहिण्याची ताकद नाही, खाडाखोड माझ्या संमतीची समजावी.

स्थळ: बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) रंगनाथ कानिफनाथ दहिवाळ

साक्षीदार:
१. (सही) आप्पासाहेब गंगाधर खटोड, शेजारी
२. (सही) हनुमंत कानिफनाथ दहिवाळ, काष्टी, सख्खा भाऊ. कलम ३ सगळे वाचले. दादाने लिहिले ते खरे आहे.