तू मालकांना लिहिलेलं पत्र

दादा,

तू मोठा आहेस म्हणून नमस्कार. मनापासून नाही.

'बहिणीचं लग्न ठरलंय, तिला कामावरून काढा' असं तू आमच्या मालकांना कळवलंस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. माझं लग्न ठरल्याचं मला तिथे कळलं!

आणि मी इथे भांडी घासते, असं सगळ्यांना सांगत फिरू नकोस. आमच्या यंत्रातून पाण्याची केसाएवढी बारीक धार प्रचंड जोरात सुटते. ती मी पोलादी दांड्यांवर फिरवते. तिच्या माऱ्याने पोलादाचा वरचा थर दबून घट्ट होतो, मग दांड्याला लवकर तडा जात नाही. धार एका जागी जरा जास्त थांबली, की दांडा भंगारात.

मालक म्हणाले, "घरचे बोलावतायत, तर जा बाई."

तेवढ्यात आमचे मिस्त्री मध्ये पडले. "साहेब, हिच्या हातचा एकही दांडा परत आलेला नाही. हिला घालवलंत तर मशीन तुम्हीच चालवा."

मालकांनी तुझं पत्र बाजूला सारलं. कालपासून मी नोकरीत कायम आहे.

माझ्या बोटाला टाके पडल्याचंही तू त्या पत्रात लिहिलंस, ते तुला कुणी सांगितलं? दोनच होते, निघालेसुद्धा. आईचे गुडघे कसे आहेत? तिचं औषध आणतोस, की नुसताच रुबाब करतोस?

हे पत्र तू तिला वाचून दाखवणार नाहीस, म्हणून तिला वेगळं लिहिलंय, शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर. काकूंचा आवाज खणखणीत आहे. भिंतीपलीकडे तुलाही ऐकू येईल.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी