भाऊपणाचा पेला

३ जून १९८७, ओबरक्लाम

पॅरिस झालं, रोम झालं, पोर्तुगालातलं एव्होरा झालं. युरोपभरची हाडं पाहून आज संशोधनाच्या शेवटच्या गावी उतरलो. तळं निळंशार, खोली उजेडाची, मन प्रसन्न. प्रवासी मात्र इथेही आलेतच. पॅरिसच्या भुयारात कवटीला गाल लावून फोटो काढणारी आणि रोममध्ये हाडांच्या झुंबराखाली सँडविच चावणारी ही जमात मला उभ्या जन्मात आवडणार नाही. मी प्रवासी नव्हे. काम करता करता जे दिसतं ते मी पाहतो.

घरमालकीण फ्राउ नोटबुर्गा दारातच म्हणाली, या हेर डॉक्टर, या साहेब, दमला असाल, बसा. गाव अडाणी, पण अदब शाबूत आहे. इथे नवराबायकोही एकमेकांना अहो-जाहो करतात. अकरा तारखेला व्हिएन्नात प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. दहा तारखेच्या बसने निघायचं.

५ जून

हाडघर पाहिलं. कबरस्तान चिमूटभर, म्हणून दहा वर्षांनी कवटी बाहेर काढतात, भिंतीवर उन्हात ठेवून पांढरी करतात आणि कपाळावर नाव व पानं रंगवून फळीवर मांडतात. बाईला गुलाब, पुरुषाला ओकची पानं. खड्डे खणणारा कोर्बिनियान हाच चित्रकार. अक्षर असं, की माझ्या विद्यार्थ्याचं असतं तर हाकलून दिला असता.

वर मला शहाणपण शिकवत होता. म्हणे, बघा हेर डॉक्टर, आमच्यात जित्याला तुम्ही आणि मेलेल्याला तू. एवढं सांभाळा, बाकी काय हवं ते मोजा. मी वहीत टिपून घेतलं आणि हसू दाबलं.

६ जून

आज जरा करमणूक झाली. हॅम्बुर्गहून आलेली टोळी हाडघरात दात काढत होती. त्यांच्यापुढे व्याख्यान म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, म्हणून त्यांना समजेल असं काहीतरी केलं. मथियास क्रोइस, मीठखाणीतला मजूर, मृत्यू १८११, याची कवटी उचलली. आमच्याकडे अहो-जाहो सोडायचं तर वयाने मोठा असेल त्याने आधी विचारायचं असतं; मग हातात हात अडकवून पेला रिकामा करायचा आणि जन्मभर अरे-तुरे. ते परत घेता येत नाही. मीच मथियासचा घोगरा आवाज काढून स्वतःला विचारलं, मीच होकार दिला, त्याच्या जबड्याशी कोपर अडकवून जर्दाळूची दारू प्यालो. टोळी खूश. कोर्बिनियान दारात उभा होता. त्याने टोपी काढली. बावळट.

७ जून

नोटबुर्गाची जीभ सैल झाली आहे. सकाळी म्हणाली, उठलास का रे? मी सुनावलं, की मी डॉक्टर एमेरिश वाल्कनर आहे, तुमचा गडी नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे रे बाळा, तू उगाच चिडू नकोस. टेबलावर माझं ताट नव्हतं. मलाही भूक नव्हती.

८ जून

सगळं गाव अरे-तुरे करतंय. शाळेतली पोरंसुद्धा! कोर्बिनियानला जाब विचारला. तो म्हणाला, आतल्याशी भाऊपणाचा पेला प्यालास, आता तूही आतलाच. मी काय करू? मग त्यानेच विचारलं, तुझ्या नावात 'क' एक की दोन? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला ऐकवणार होतो.

दुपारभर भिंतीवर बसलो. ऊन बरं वाटतं. काम झालं नाही.

९ जून

भीती वाटते आहे. लिहून टाकतो — भीती वाटते.

तीन दिवस खाल्लेलं नाही. नाडी सापडत नाही, पण मी काही वैद्य नव्हे. एवढं कळतं की कुणीतरी जित्या माणसाने मला तुम्ही म्हणायला हवं. मगच इथून सुटेन. बायकोला फोन केला नाही. ती तूच म्हणते.

विद्यापीठात केला. फ्राउ लिंडटाल, एकोणीस वर्षं माझी चिठ्ठीचपाटी सांभाळणारी, हेर डॉक्टरशिवाय तोंड न उघडणारी — तिने फोन उचलला आणि हळूच म्हणाली, अरे, तू होय? कधी गेलास?

१० जून

बस आली. हात केला. ड्रायव्हर एका म्हातारीला म्हणाला, सावकाश चढा तुम्ही. माझ्याकडे पाहून मान हलवली. तुला कशाला रे तिकीट, म्हणाला. दार लावलं.

धावलो. वळणापर्यंत — मग परत भिंतीवरच होतो. कसा, ते —

११ जून

मुलाखत आज.

हात पांढरे. पेन्सिल धरवते अजून.

तळ्याच्या धक्क्याला बोट लागली आहे. प्रवासी. देवा, किती प्रवासी! इतका आनंद मला कधी — यांना गावची रीत ठाऊक नाही. परक्याला तुम्ही म्हणतील. एकानेच म्हणावं. एकदाच. ती निळ्या टोपीची बाई, सभ्य घरची दिसते. म्हणेल, जरा सरकता का तुम्ही? फोटो घ्यायचाय. सरकेन. पाया पडेन तिच्या —

आली. वाकली.

नवऱ्याला हाक मारतेय. अहो, इकडे या, हा बघा, ताजा आहे, रंग ओलाच आहे अजून —

बोट लावतेय कपाळाला —

बाई, मला —