जगातलं एकमेव कबुतर

१ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठे संग्राहक ठेवतातच. शांततेवरची स्मारक नाणी माझ्याकडे सतरा. ट्रायल स्ट्राइक एकही नाही. नाणी पाडण्याआधी साचा तपासायला मारतात तो पहिला ठोका. लियाकतला सांगून ठेवलंय. मूळचा रत्नागिरीचा, अठरा वर्षांची दोस्ती, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात पदकं पाडायचं वर्कशॉप. ओळखी दांडग्या. म्हणाला, इन्शाल्ला, मिळेल.
जाता जाता इथल्या मराठी मंडळाच्या शांतता दौडीच्या ऐंशी पदकांची ऑर्डरही त्यालाच दिली. पदक समिती म्हणजे मीच. डिझाइन विचारायला लागला. म्हटलं, कबुतर वगैरे टाक. असल्या फुटकळ कामाला माझ्याकडे वेळ नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १.४०, ऑफिस
लियाकतच्या ड्रायव्हरने पाकीट दिलं. आत कबुतर. मागची बाजू कोरी. एकाच बाजूला ठोका, म्हणजे ट्रायल स्ट्राइकच. देशाचं नावसुद्धा नाही, इतकं गुप्त. सोबत चिठ्ठी, ‘अरुणभाऊ, बघून लगेच कळवा.’ कळवणार नाही. असल्या गोष्टी फोनवर बोलत नसतात.

६ नोव्हेंबर
घरी दाखवलं. अस्मी म्हणाली, ‘बाबा, धिस लुक्स लाइक अ स्पोर्ट्स डे मेडल.’ अपर्णाने विचारलं, पितांबरीने घासून देऊ का. बायको आणि मुलगी, दोघीही अशा. कपाटाला कुलूप घातलं.

८ नोव्हेंबर
लियाकतचे चार फोन. संयम राखला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
लियाकतचा मेसेज. ‘बघून झालं असेल तर परत पाठवा, काम अडलंय.’ म्हणजे याला मोठं गिऱ्हाईक मिळालं. अठरा वर्षं! त्याच्या लेकीच्या, सुमैय्याच्या लग्नात मी पाहुण्यांना सरबत वाटलंय. दर ईदला बिर्याणीचा डबा यायचा, त्यामागेही काय हेतू होता कोण जाणे. फार लागलं. ब्लॉक केला. खलास.

१४ नोव्हेंबर
मंडळाच्या अध्यक्षा सुजाताताईंनी पदकांचं विचारलं. निर्धास्त राहा म्हटलं. लियाकत दगाबाज असेल, पण धंद्यात चोख.

१६ नोव्हेंबर, रविवार. ऊद मेथा
दौड झाली. ऐंशी मुलं रांगेत. पदकं नाहीत. ताईंनी माइकवरून माझं नाव पुकारलं.
लियाकत तिथेच होता. त्याची नात झारा धावली होती. सगळ्यांदेखत म्हणाला, नमुना पाठवला होता, मागे मंडळाचं नाव कसं टाकायचं तेवढं हवं होतं, अकरा दिवस उत्तर नाही, पास झाल्याशिवाय आम्ही माल काढत नाही. चिठ्ठीत ‘नमुना’ एवढा एक शब्द लिहिला असता तर? पण नाही. मला तोंडघशी पाडायचं होतं.
झाराने पदक कुठे म्हणून विचारलं. तो म्हणाला, यल्ला, घरी चल. माझ्याकडे बघितलंही नाही. मी मुलांना ज्यूस वाटला.

१९ नोव्हेंबर
मंडळाने ऑर्डर रद्द केली. लियाकतने साचा मोडून टाकला, असं त्याच्या वर्कशॉपमधून कळलं. म्हणजे आता हे कबुतर जगात एकमेव. अठराव्या खणात ठेवलं.
याची किंमत कळेल असा दुबईत एकच माणूस. मोठ्या मनाने अनब्लॉक केला, फोन लावला. लागला नाही.
अस्मीने बघून सांगितलं, ‘बाबा, लियाकत अंकल ब्लॉक्ड यू.’