इनुसच्या हाताची शिफारस

शिरूर,
ता. ३ ऑक्टोबर १९६१

ती. अनसाआत्यास,
जालिंदरचा सा. न. वि. वि.

हिकडं समदी खुशाल. मामांनी मला दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून चिकटवायचं कबूल केलंय, तवा पत्रात शानपणा करू नको, असं आई म्हणती. म्हणून आज माझ्यासाठी काय मागत न्हाई. दोस्तासाठी मागतोय.

अल्लाबक्ष नालबंदाचा इनुस तुला ठावं हाय. तू ज्या मॅडमकडं सैपाकाला जातीस, त्या रेल्वे कॉलनीत ब्यूटी स्कूल चालवत्यात, केस बसवायला आन् तोंड रंगवायला शिकवत्यात, आन् एक जागा शिल्लक हाय, असं तूच सांगितलंस. वळखीच्या माणसानं शब्द टाकला तरच घेत्यात म्हणं. तेवढा शब्द टाक.

पोराचा हात बघशील तर! जत्रंच्या नाटकात त्यानं सावळाराम पैलवानाची अशी राणी केली, की पैलवानाच्या बायकूनंच इच्यारलं, ही कोण भवानी माझ्या नवऱ्याचं जोडं घालून उभी हाय. पोळ्याला त्याच्या दारात बैलांची रांग लागती. शिंगं साळून, हिंगूळ लावून, वर बेगड चिकटवून थेरड्या बैलाचा असा नवरदेव करतो, की बैलाला बी लाज वाटावी.

पर अल्लाबक्षचाचांनी सांगून ठेवलंय, दिवाळीपासनं हातोडा धर. एकदा नाल ठोकायला बसला की ती बोटं गेली समज. इनुस वरवर हसतो. म्हणतो, बैल बरा, लाथ मारतो पर नावं ठेवत न्हाई. आन् तुझ्या उत्तरासाठी आजपासनंच टपालवाल्याच्या वाटंवर जाऊन बसलाय.

कळावं. तुझ्या पोरीला, सिंधूला, एक टपली. माझ्यावरचा लोभ थोडा इनुसकडं वळीव, पुरंल दोघांना.

तुझा भाचा,
जालिंदर

*

दौंड,
ता. ९ ऑक्टोबर १९६१

चि. जालिंदरास अनसाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी मामांपुढं मोठ्यानं वाचलं, हीच माझी चूक. थेरड्या बैलाचा नवरदेव, एवढं ऐकलं आन् त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

गेल्या महिन्यात मामांनी शिरूरच्या बाजारात केंदूरच्या सोपानरावाचा बैल घेतला. शिंगं अशी झळकत हुती की त्येंनी जबडा उघडून दात बघितलंच न्हाईत. तीस वर्सं दुसऱ्याचे बैल पारखून देणारा माणूस! घरी आणून धुतला, तर हिंगुळाचं तांबडं पाणी अंगणभर, बेगड पायात, आन् खाली बैल, माझ्या लग्नाच्या वरातीत असावा एवढ्या वयाचा. दात झिजून हिरडीला टेकल्यात. कडबा खात न्हाई, चघळतो. शेजारचा गेणबा रोज येऊन त्याला राम राम आजोबा म्हणतो, आन् मामा घरात निघून जात्यात.

तवा ही करणी कुणाची, ते आज कळलं. मामा शब्द टाकणार न्हाईत, मलाबी टाकू देणार न्हाईत. असला फसवा पोरगा माझ्या उंबऱ्यावर नको म्हणाले. मॅडम शनवारपातूर वाट बघतील, मग जागा दुसऱ्याला.

तुझ्या नोकरीची चिठ्ठी मात्र सायबाकडनं आणलीय. मामांच्या खिशात हाय. तुझ्याबद्दल त्येंचं मत चांगलं हाय, तेवढं टिकव.

आईस नमस्कार. पत्र धाडीत जा, पर जरा बेतानं.

तुझी आत्या

*

शिरूर,
ता. १२ ऑक्टोबर १९६१

ती. हौसरावमामांस,
जालिंदरचा शि. सा. न.

हे पत्र इनुसच्याच हाती धाडतोय. पाकीट चिकटवलंय. आत काय हाय ते त्याला ठावं न्हाई.

मामा, त्यानं सोपानरावाचा बैल रंगवला तो पोळ्याला. बाजाराच्या आदल्या दिशी नवी बेगड लावाय मी सांगितलं. गिऱ्हाईक कोण, ते त्याला बोललो न्हाई. आन् बाजारात तुमचा हात धरून त्या बैलापुढं नेलं तो बी मीच. तुमी जबडा उघडाल, मला दोन शिव्या घालाल, मग दोघं मिळून हसू, अशी गंमत ठरवली हुती. तुमी जबडा उघडलाच न्हाई. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, तवा मी गर्दीत मागं सरकलो.

बैल तुमी घेतला हे इनुसला कळल्यावर तो दौंडला येऊन सांगणार हुता. एस्टीत चढला बी हुता. मीच खाली वढला.

तवा खिशातली चिठ्ठी फाडा. एका येडपटाला नोकरी देण्यापरास एका कारागिराला शब्द द्या.

शिव्या पत्रानं धाडल्या तरी पोचत्याल. पाया पडतो.

तुमचा,
जालिंदर

*

दौंड,
ता. २० ऑक्टोबर १९६१

चि. जालिंदरास आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

इनुस शुक्रवारी दुपारी आला, उंबऱ्याच्या भायेर उभा ऱ्हायला. मामांनी पत्र वाचलं. खिशातनं चिठ्ठी काढली, फाडली. मग इनुसकडं न बघता मला म्हणाले, त्याला पाणी दे. पाणी पिऊन पोरगा थेट गोठ्यात गेला आन् बैलाची मान खाजवत बसला. ते मामांनी खिडकीतनं बघितलं.

शनवारी त्याला घेऊन मामा सोता मॅडमकडं गेलं. मॅडम म्हणाल्या, हात दाखव. पर वर्गातल्या पोरी, गड्याचा हात तोंडाला नको म्हणून भिताडाला टेकल्या. खुर्ची मोकळीच. शेवटी मामाच बसले. इनुसला म्हणाले, अंधारात एकदा फसवलंस, आता उजेडात फसव.

तासाभरात मिशा काळ्याभोर, भांग चापून, गालावरच्या सुरकुत्या कुठं गेल्या देव जाणे. मी चहा घेऊन गेले आन् परका बाप्या समजून पदर घेतला. मॅडमनी जागा दिली. तोंडाला हिंगूळ कवाच लावायचा न्हाई, एवढंच बजावलं. पोरगा आमच्याकडंच ऱ्हातोय. अल्लाबक्षभाऊंना मामांनी पत्र घातलंय.

तुझी चिठ्ठी फाटली ती फाटली. दिवाळीपातूर हिकडं येऊन बैलाला कडबा बारीक करून घाल, मग सायबाकडं परत जायचं का ते बघू, असं मामा म्हणत्यात. बैलाचं नाव त्यांनी जालिंदर ठेवलंय. हाक मारली की दोघांनी बघायचं.

येताना आईच्या हातच्या शेवया आण. राग सरलाय, माया शिल्लक हाय.

तुझी आत्या,
अनसा

ता. क. मिशा काळ्या झाल्यापासनं मामांना रेल्वेच्या कचेरीत कुणी चाळिशीच्या वर धरत न्हाई. काल गेणबा म्हणाला, हौसराव, जरा हसा की. मामा ओठ मिटून नुसतं हूं म्हणाले. जांभई आली तरी तोंडावर उपरणं धरत्यात. कुणी दात बघंल म्हणून.