अडुसष्टाव्या उडीनंतर

बाबा, तुमच्या नातीने गेल्या महिन्यात एका दिवसात विमानातून अडुसष्ट उड्या मारल्या. शंभर मारायच्या होत्या. अडुसष्टावर मी थांबवलं. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्याने तुम्हाला काही कळायचं नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि पलंगावरून खाली उतरायलासुद्धा तिला तुमचा हात लागायचा. आता एकोणतीस पूर्ण झाली. पुण्यात चांगली नोकरी होती. कुणा मैत्रिणीच्या वाढदिवसाला हौस म्हणून एकदा पॅराशूट घालून उडी मारली आणि मग काय, डोक्यात तेच. नोकरी गेली उडत. सध्या थायलंडमध्ये असते, लोकांना उड्या मारायला शिकवते आणि पॅराशूटच्या घड्या घालते. जिने या घरात स्वतःची ओढणी कधी धड घडी करून ठेवली नाही, तिच्या घडीवर लोक जिवाचा भरवसा टाकतात. मला तर हसावं की रडावं कळत नाही.

एका दिवसात शंभर कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत. मीही विचारलं. म्हणाली, "बघायचंय गं आई, माझ्याकडून किती होतात." पद्धत अशी की दोन छोटी विमानं आळीपाळीने वर जातात. फार उंच नाही, हिची छत्री उघडून ही नीट मैदानात उतरेल इतपतच. उतरल्यावर घडी घालत बसायचं नाही, त्यासाठी दहा-बारा माणसं सकाळपासून चटयांवर ओणवी असतात. दोघं तिच्या पाठीवरचं ओझं उतरवतात, दोघं नवं चढवून पट्टे आवळतात, कुणीतरी तोंडात केळ्याचा तुकडा कोंबतं, की ही चालली दुसऱ्या विमानाकडे. साधारण सात मिनिटांना एक उडी. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की मला चार मजले चढायला तेवढा वेळ लागतो.

आणि त्यांचा एक नियम होता. उडी मारणाऱ्याला "अजून जमेल का" असं विचारण्यात अर्थ नसतो, तो जमेलच म्हणतो. मैदानावरच्या लोकांनाही विचारायचं नाही, कारण पहाटेपासून राबलेल्या प्रत्येकाला शंभरचा आकडा बघायचा असतो. म्हणून एक माणूस मुद्दाम लांबचा ठेवायचा, तिथे हजर नसलेला. शंका आली की त्याला फोन लावायचा. तो थांबवा म्हणाला की थांबवायचं. त्याच्याकडे कारण मागायचं नाही, वाद घालायचा नाही. फॉर्मवर तिने माझं नाव लिहिलं. मला केवढा अभिमान वाटला, बाबा! बाजूच्या भाभींनासुद्धा सांगून आले, मेरे हाथ में है सब.

मला तेव्हाच तुमची गोदी आठवली. मी नऊ वर्षांची असेन. दसऱ्याला यंत्रांची पूजा, म्हणून घरच्या माणसांना आत सोडलेलं. क्रेनला झेंडूचा हार. तुम्ही खाली उभे, हाताने खुणा करताय, आणि वर केबिनमधला माणूस फक्त तुमच्या हाताकडे बघतोय. लाकडी खोक्यांचा एक गठ्ठा डोक्यावरून हळूहळू चाललाय. तुम्ही घरी स्वयंपाकघरात त्या सगळ्या खुणा आम्हाला करून दाखवायचात, आई पोळ्या लाटता लाटता वैतागायची. मला चेव चढला. मी दोन पावलं पुढे गेले आणि हात आडवा धरला, थांब. आणि तो एवढा गठ्ठा अधांतरी थांबला की! सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "थांबवलंस ना? मग आता कारण सांग." मी रडायला लागले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "बाकीच्या खुणा माझ्याच चालतात. थांबायची खूण कुणीही करू दे, तो थांबणारच. तुला विचारणार नाही. म्हणून हात उचलायच्या आधी आपण स्वतःला विचारायचं." लोकांसमोर मला कोपऱ्यात नेऊन बसवलंत. त्या दिवसाचा पेढा मी तुमच्या हातून घेतला नाही.

तर तो दिवस. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणून आपल्याकडे साडेपाचला पहिली उडी. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता, त्यात नुसते आकडे यायचे. एक. दोन. तीन. मी ओट्याशी उभी. तुमचे जावई विसाव्या आकड्यापर्यंत खुर्चीत टिकले. मग म्हणाले, "मी जरा मासळी बघून येतो," आणि इथून हाटकेशहून थेट उत्तनच्या कोळीवाड्यात गेले. काळजी वाटली की हा माणूस मासे आणतो, लग्नापासून बघतेय. तिथली कोळीण त्यांना ओळखते. त्या दिवशी म्हणे ती म्हणाली, "दादा, आज तोंड का उतरलाय तुमचा? बोंबील ताजा हाय." यांनी तीन वाटे आणले. आम्ही घरात दोघं. भाभी दर अर्ध्या तासाने दारातून विचारून जात होत्या, "कितना हुआ?" मॅचचा स्कोअर विचारावा तसं. मीही ओरडून सांगत होते, इकतालीस, बयालीस. पन्नास झाल्या तेव्हा भाभींनी टाळ्या वाजवल्या आणि मी देवापुढे साखर ठेवली. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

दुपारी दोनच्या सुमाराला फोन आला. तिची नागपूरची मैत्रीण, मैदानावरचं सगळं तीच सांभाळत होती. मागे विमानाचा घरघराट. "काकू, अडुसष्ट झाल्या. उतरताना गुडघ्यांवर आपटली. डॉक्टरने बघितलंय, लागलेलं नाही. फक्त ही कितवी उडी असं मी विचारलं तर आकडा सांगितला नाही तिने, नुसती हसली. डॉक्टर म्हणतात, तिची तयारी असेल तर हरकत नाही. ती जाते म्हणतेय. तुम्ही सांगा. चार मिनिटं आहेत." मी म्हटलं, तिला दे. "नाही देता येत काकू, नियम आहे." मग तिने एक फोटो पाठवला. माझी लेक उभी आहे, दोन्ही हात पसरलेले, दोन बाजूंनी दोन माणसं पट्टे आवळतायत, आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, कशाकडेच बघत नाहीये. लहानपणी ताप चढला की तिला युनिफॉर्म घालताना ती अशी उभी राहायची. बाबा, चार मिनिटं म्हणजे किती असतात! जावई आत बोंबील साफ करत होते. डॉक्टर चालेल म्हणतो. ती चालेल म्हणते. विमान तयार आहे. बत्तीस राहिल्यात. मी स्वतःला विचारलं, खरंच विचारलं, कारण काय? काही सापडलं नाही. आणि तोंडातून निघालं, "थांबवा."

पलीकडून ती मुलगी म्हणाली, "ओके काकू," आणि विमानाचा आवाज बंद झाला. ग्रुपवर शेवटचा आकडा अडुसष्टच राहिला. तिघाचौघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. भाभी आल्या, "कितना हुआ?" मी सांगितलं, बस, हो गया. त्या "अच्छा है, बच्ची ठीक है ना," म्हणून गेल्या. ठीक आहे, मलाही तसंच वाटायला हवं होतं. जावई हात पुसत आले, ऐकलं, आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले, आनंदाने. मला इतका राग आला त्यांचा की काय सांगू.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी वाट बघत होते, ओरडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "आई, का?"

"गुडघ्यांवर पडलीस ना."

"गुडघे ठीक होते. डॉक्टरने सांगितलं तुला."

"दमली होतीस गं तू."

"दमणारच ना! शंभर उड्या मारत होते मी." मग म्हणाली, "माहितीये, मी तुझंच नाव का लिहिलं? बाबांनी दहाव्या उडीलाच थांबवलं असतं. बाकी कुणीही घाबरलं असतं. पण तुला आजोबांनी उडी मारू दिली नव्हती ना. मला वाटलं, जगात एक तू अशी आहेस की जी मला थांबवणार नाही."

बोलून झालं, जेवून घे म्हणाली, आणि फोन ठेवला. ती घड्या घालणारी माणसं चार देशांतून स्वतःची रजा टाकून आली होती, ती परत गेली. पुन्हा असं जमवायला किती वर्षं लागतील, लागतील तरी का, देव जाणे. आमचं रोज बोलणं होतं. जेवलीस का, हो. पाऊस आहे का, नाही. मी काही करू शकत नाही, बाबा. बत्तीस उड्या मी कुठून आणून देऊ तिला?

तुम्ही मघाशी अडखळला असाल, आजोबांनी उडी मारू दिली नाही म्हणजे काय. तेच सांगायला बसलेय, पण हात पुढे जात नव्हता. तुमच्या नातीला मी ही गोष्ट ती दुसरीत असल्यापासून सांगत आलेय. कॉलेजात मी छात्रसेनेत होते, ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच माझे बूट पॉलिश करून ठेवायचात. शेवटच्या वर्षी पॅराशूटच्या कॅम्पला आमच्या कॉलेजातून दोन मुली निवडल्या, त्यात मी. वडिलांची सही आणायची होती. गोष्टीत असं आहे की तुम्ही सही केली नाहीत. मुलीच्या जातीने असले धंदे करायचे नाहीत, म्हणालात. गोष्टीत तुम्ही कागद टेबलावर आपटता. मी रात्रभर रडते. लेक डोळे मोठे करून ऐकायची आणि म्हणायची, मी मारीन आई, तुझ्या वाटची पण मारीन.

तो कागद तुम्ही कधी बघितलाच नाहीत. तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता. नवघरच्या त्या दोन खोल्यांत आपण जेवायला बसलोय, तुम्ही विचारताय, "काय गं, गप्प का? कॉलेजात काय विशेष?" आणि मी म्हणतेय, काही नाही, आमटी वाढा. मला भीती वाटत होती, बाबा. साधी भीती. तुम्ही सही कराल याचीच भीती, कारण तुम्ही केली असतीत. चौथ्या दिवशी छात्रसेनेच्या मॅडमना सांगितलं, बाबा नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मी येऊन बोलू का त्यांच्याशी? मी म्हटलं, नको, फार कडक आहेत. तुम्ही आणि कडक!

माझ्या लग्नात, पंगतीत, कॅम्पला निवडलेल्या त्या दुसऱ्या मुलीने तुम्हाला सगळ्यांदेखत चिडवलं होतं, "काका, हिला तेव्हा उडी मारू दिली नाहीत, आता कसं पाठवताय?" तुमच्या हातात जिलबीचं ताट होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं आता भर मांडवात सगळं उघडं पडणार. आणि तुम्ही म्हणालात, "हो गं, चुकलंच माझं ते." तिला एक जिलबी जास्त वाढलीत आणि पुढच्या पानाकडे गेलात. त्यानंतर पाच वर्षं होतात तुम्ही. दर रविवारी यायचात. एकदाही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. आज वाटतं, विचारलं का नाहीत हो? एकदा कारण मागितलं असतंत तर बरं झालं असतं.

हे तिला सांगायला हवं, तुम्हाला नाही. एवढं मला कळतं. तिने जिच्यावर भरवसा टाकला ती बाई कधी नव्हतीच. पण तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही वाचणार नाही, आणि वाचलंत तरी पुन्हा स्वतःवर घ्याल. हा कागद आता चपातीच्या डब्याखाली ठेवीन, पुढे काय करायचं ते बघेन. कालच तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर मध्येच म्हणाली, "आई, तुला आजोबांचा अजून राग येतो का गं?"

मी म्हटलं, येतो थोडासा.