सात वेढ्यांची डबी

ती. काशीराममामांस,

मुलुंडहून राजेशचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. इकडे तुमची भाचेसून अक्षता ठणठणीत आहे. फक्त परवापासून माझ्याशी बोलत नाही.

कारण डबी. मला शुगर निघाल्यापासून वाटू लागलं, की संकट आता कुठेही गाठणार. म्हणून पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत खिशात मावेल असा संकटकाळचा सरंजाम भरला: शिटी, बोटाएवढा टॉर्च, सुईदोरा, पट्ट्या, शंभराची नोट, एक पातं आणि ग्लुकोजच्या गोळ्या. पाणी शिरू नये म्हणून काळ्या टेपचे सात वेढे दिले आणि हरवू नये म्हणून हातभर नायलॉनची दोरी बांधून ती कमरेच्या पट्ट्याला अडकवली. अक्षता म्हणाली, हे दावं कशाला? मी नुसता हसलो (जाणता माणूस हसतो तसा).

परवा संकष्टी. उपास धरला आणि सवयीने शुगरची गोळीही घेतली. (एवढी अक्कल आपल्या घराण्यात मलाच.) खालून लिफ्टमध्ये शिरलो, तर सोबत पाटी घेऊन शेवंती, आमची मासेवाली. (मासेवाल्यांना लिफ्टबंदीचा ठराव सोसायटीत मीच मांडला होता. पडला, देव पावला.) दुसरा मजला सोडला आणि लिफ्ट गपकन थांबली. फोनला रेंज नाही. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर उतरली आणि मला दरदरून घाम फुटला. खरं सांगतो मामा, फार घाबरलो. डबी काढली, तर टेप सुटेना. टेप कापायचं पातं डबीच्या आत! शेवटी शेवंतीने कोयत्याने एका फटक्यात वेढे कापले. आत गोळ्या नव्हत्या. चव बघायला म्हणून त्या मीच मंगळवारी संपवल्या होत्या.

शेवंतीच्या कनवटीला खडीसाखर होती. पण तिची बोहनी व्हायची होती! "बोहनीआधी फुकट देत नाय दादा, दिवस खोटा जातो. बोंबलांचा वाटा घे, साखर वरून देते," म्हणाली. डबीतली नोट पाटीला लागली मात्र, तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात साखर घातली. मग "म्हावराऽऽ" अशी आरोळी ठोकली. त्याआधी मी डबीतली शिटी फुंकली होती, तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या हाकेला तीन मजल्यांवरच्या बायका ताटल्या घेऊन आल्या. पाठोपाठ नंदू वॉचमनही आला आणि त्याने आम्हाला बाहेर काढलं.

अशा रीतीने तुमचा भाचा वाचला, आणि संकष्टीला उपाशीपोटी बोंबलांचा वाटा घेऊन घरी पोचला. अबोल्याचं कारण आता कळलं असेल.

मामीस नमस्कार.

तुमचा,
राजेश

ता. क. : माझ्या लग्नात तुमच्या कमरेच्या बटव्याला मी हसलो होतो. आत खडीसाखर असते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. जुना एखादा असेल तर पाठवाल का?

ता. क. २ : लिफ्ट का थांबली, ते नंदूने शोधलं. जाळीच्या दारातून माझ्या डबीची दोरी बाहेर लोंबत होती. ती दुसऱ्या मजल्याच्या दाराच्या कडीत अडकली आणि दार ओढलं जाऊन फटभर उघडलं; दार उघडं, की लिफ्ट बंद. तेव्हा बटवा पाठवताना दोरी काढून पाठवा.